गच्चीवरचं खारं पाणी

माझ्या भावाचं सांगलीत शोभेच्या माशांचं दुकान आहे. तिथल्या समुद्री माशांना जे जिवंत खाणं लागायचं, ते सात वर्षं मी घराच्या गच्चीवर वाढवलं. आर्टेमिया म्हणतात त्याला. मिठागरात होणारा, कोळंबीच्या गोतातला बारका जीव. पुरता वाढला तरी तांदळाच्या दाण्याएवढा, आणि अंड्यातून निघतो तेव्हा तर डोळे बारीक करून बघावं लागतं. आता मी मिरजेत एका तपासणी लॅबमध्ये काम करते. लोकांचं रक्त काचपट्टीवर पसरवताना शेजारची कुणी विचारते, याआधी कुठं होता? मी म्हणते, घरीच होते. सांगायला गेलं तर बरंच सांगावं लागेल, आणि त्यात माझंही काही चांगलं दिसणार नाही.

साताऱ्यातला माझा संसार सहा वर्षं चालला. नवऱ्याचं दुसरीकडे सूत जुळलं होतं आणि ते झाकायची तसदीसुद्धा त्याने घेतली नाही. सासू म्हणाली, पुरुषाची जात, येईल जागेवर. मी वाट बघितली नाही. एका सकाळी सुटकेस आणि बी.एस्सी.ची कागदपत्रं घेऊन साताऱ्याच्या स्टँडवर सांगलीची गाडी पकडली. भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान. तो सांगलीच्या स्टँडवर मोटरसायकल घेऊन उभा होता. त्याने सुटकेस पुढ्यात घेतली, मला मागं बसवलं आणि घर येईपर्यंत एक शब्द विचारला नाही. मला ते तेव्हा फार मोठं वाटलं होतं. अजूनही वाटतं. म्हणून तर पुढचं सगळं गिळायला जड गेलं.

घरात आई, भाऊ आणि भावजय. भावजय वाईट नव्हती. पण एका ओट्यापाशी दोन बायका आल्या की मीठ कुठल्या कप्प्यात ठेवायचं इथपासून सुरू होतं. मी चिरलेली कोथिंबीर ती परत एकदा बारीक करायची, तेही न बोलता. आई कवठे महांकाळकडची, बोलायला रोखठोक. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "आगं, ह्ये तुझं म्हायेर असलं तरी आता घर तिचं हाय. जरा गप बसायला शिक."

मी गप बसायला शिकत होते त्याच सुमाराला भावाने दुकानात खाऱ्या पाण्याच्या टाक्या मांडल्या. मिरजेच्या डॉक्टर लोकांना आता गोल्डफिश पुरत नव्हते. त्यांना वेटिंग रूममध्ये समुद्र हवा होता. मासे चेन्नईहून पिशव्यांतून यायचे. पण समुद्रातून धरून आणलेला मासा काचेत सोडला की भेदरतो. जे हालतं तेच त्याला खाणं वाटतं. बर्फातलं मेलेलं खाणं नाकापुढून तरंगत गेलं तरी तो ढुंकून बघत नाही, आणि आठ-दहा दिवसांत पोट खपाटीला जाऊन मरतो. भावाचे बरेच मासे असे गेले.

एका दुपारी त्याने एक पत्र्याची डबी माझ्यापुढे ठेवली. आत तपकिरी भुकटी. चहाची पूडच म्हणाल, पण ती अंडी होती, सुकवलेली, वर्षानुवर्षं टिकणारी.

"आक्का, तुझं झूलॉजी होतं न्हवं? मिठाच्या पाण्यात टाकली की दीड दिवसात फुटत्यात म्हणं. जमतंय का बघ की."

साताऱ्याहून आल्यापासून मला कुणी काही मागितलेलं नव्हतं. मी डबी घेतली.

पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदाही नाही. थंडीचे दिवस होते, गच्चीवरचं पाणी गार पडायचं, आणि नळाच्या पाण्यात औषध असतं ते मी ध्यानात घेतलं नव्हतं. मग पाणी दोन दिवस उघडं ठेवलं. कोल्ड्रिंकची मोठी बाटली बुडाशी कापून उलटी टांगली, तळापर्यंत हवेची नळी सोडली, जवळ साधा पिवळा बल्ब लावला. आई म्हणाली, "पोल्ट्री घातलीस व्हय गं?" दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हवा बंद केली. रिकामी टरफलं वर आली. खाली, बल्बच्या बाजूला, काहीतरी शेंदरी धुरासारखं जमत होतं. मी डोळा भिंगाला लावावा तसा बाटलीला लावला. त्या धुराचा एक एक कण हात मारत पोहत होता.

पातळ कापडातून गाळून, वाटीत घेऊन मी तशीच चपला न घालता दुकानात गेले. घरापासून दुकान चार गल्ल्यांवर. तिथं एक पिवळा मासा नऊ दिवस उपाशी होता. भावाने ड्रॉपरने थोडे थेंब सोडले. मासा आधी मागं सरकला, मग थांबला, मग त्याने टिपलं. एक, आणखी एक. भाऊ गिऱ्हाइकांसमोर ओरडला, "खाल्लं! आक्का, खाल्लं त्यानं!" आणि माझे दोन्ही हात धरून त्याने मला गदागदा हलवलं. वाटीतलं अर्धं पाणी माझ्या साडीवर सांडलं.

तो दिवस खोटा नव्हता. हे मला मुद्दाम लिहायचं आहे, कारण पुढचं लिहिताना मला तसं वाटायला लागेल.

त्यानंतर गच्ची माझी झाली. नुसती पिल्लं पुरेनात, मोठ्या माशांना मोठा आर्टेमिया लागायचा. मी निळे ड्रम कापून घेतले, त्यांत पाणी हिरवं करायला शिकले, तांदळाचा कोंडा कापडात चोळून त्याचं दूध सोडायला शिकले. दोन-तीन आठवड्यांत पिल्लाचा मोठा जीव व्हायचा, पाठीवर उताणा पोहणारा, अंगाच्या दोन्ही बाजूंनी पिसासारखे पाय हालवणारा. उन्हाळ्यात पाणी आटून खारटपणा वाढायचा, तेव्हा गोडं पाणी घालायचं. पावसाळ्यात उलट, ताडपत्री ओढून बसायचं. माझे हात कायम भेगाळलेले असायचे. भावजय म्हणायची, "आक्का, गच्चीच्या सळ्या गंजणार बगा ह्या मिठानं." तिचं बरोबर होतं. जिन्याच्या दाराची कडी दुसऱ्या वर्षीच गळून पडली.

आर्टेमियाला सुट्टी नसते. एक दिवस बाटली लावली नाही तर दोन दिवसांनी दुकानात मासे उपाशी. मावसबहिणीचं लग्न तासगावला होतं, सगळे गेले, मी राहिले. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन मिरजेत झालं तेव्हा भावजय तिच्याजवळ राहिली, मी सकाळी जाऊन दुपारच्या आत परत. कुणी मला राहा म्हणून सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, माझ्यावाचून अडतं. बाई परत आलेली असली की तिला हे वाटून घ्यायची फार भूक असते.

चौथ्या वर्षी भावाने दुकानात बंगाई नावाच्या माशांची जोडी आणली. बोटाच्या दोन पेरांएवढा मासा, चांदीचा वर्ख लावल्यासारखा, त्यावर काळे उभे पट्टे. या जातीत मादी अंडी घालते आणि नर ती तोंडात धरतो. अंडी फुटून पिल्लं धड होईपर्यंत, तीन आठवडे किंवा जास्तच, तो काही खात नाही. गाल फुगवून एका कोपऱ्यात उभा असतो. पुढ्यातून आर्टेमिया गेला की डोळा त्याच्यामागे फिरवतो, पण तोंड उघडत नाही. मी त्याच्यापुढे खाणं टाकायचंच बंद केलं. मला ते बघवत नव्हतं.

पिल्लं सुटली तेव्हा ती आपल्या आईबापांचीच बारीक नक्कल होती, पट्टेसुद्धा तसेच. समुद्रात ती काटेरी जीवांच्या काट्यांत लपतात. मी वायरी बांधायच्या काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा एक झुबका करून टाकीत ठेवला, तर सगळी त्यात जाऊन बसली. लगेच खायला लागली. माझा ताजा आर्टेमिया पोटात दिसायचा, शेंदरी ठिपक्यासारखा. तीन आठवडे सगळं छान. मग एका सकाळी मी टाकीवरचा दिवा लावला, आणि चार पिल्लं एकदम उसळली, गोल गोल फिरली आणि तळाशी पडली. मेली. दुसऱ्या दिवशी भावाने टाकीवर बोट वाजवलं, आणखी सहा. आठ दिवसांत एकही उरलं नाही. पोटं भरलेली होती सगळ्यांची.

दुसऱ्या खेपेलाही तेच झालं. भाऊ म्हणाला, "ऱ्हाऊ दे आक्का. हे आपल्या पाण्यात होत नाय." मी ऐकलं नाही. मोबाइलवर इंग्रजीत वाचत बसले, शब्द अडला की शब्दकोश. सहा महिने गेले. हळूहळू कळलं ते असं: आर्टेमिया अंड्यातून निघतो तेव्हा त्याच्या अंगात शिदोरी असते. काही तासांत ती संपते. मग तो नुसता पाण्याचा फुगा. त्यावर वाढलेली पिल्लं पोटभर खाऊनही आतून उपाशी असतात, आणि जरा दचकली की जीव सोडतात. उपाय होता माशाचं तेल. पण अंड्यातून निघाल्याबरोबर आर्टेमियाला तोंडच नसतं. एक कात टाकली की तोंड उघडतं, तेव्हा तेल द्यायचं. आधी दिलं तर फुकट, फार उशिरा दिलं तर तो मासोळीच्या तोंडाला मोठा. मिरजेच्या औषधाच्या दुकानातून कॉड लिव्हर तेल आणलं, अंड्याच्या बलकात घालून बाटलीत घुसळलं, आणि कधी, किती, हे वहीत मांडून करत राहिले. तिसऱ्या खेपेची पिल्लं दिवा लावला तरी जगली. एकोणतीस. ती मोठी झाली, त्यांची डॉक्टरांच्या टाक्यांत रवानगी झाली, पुढची खेप आली, तीही जगली.

मग पेपरवाले आले. समुद्र कुठं आणि सांगली कुठं, आणि इथं समुद्री मासे जन्माला येतात, ही बातमी होती. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी गच्चीवर ड्रम धूत होते. दुकानातून भावाचा फोन आला, "आक्का, एक वाटीभर आर्टेमिया घेऊन ये लवकर. खाताना फोटो पाहिजे त्यांना."

मी गेले. ओले हात, खोचलेली साडी. भाऊ इस्त्रीच्या शर्टात टाकीजवळ उभा होता. मी ड्रॉपरने खाणं सोडायला लागले तशी फोटो काढणारी पोरगी म्हणाली, "मावशी, जरा बाजूला होता का? काचेत तुमची सावली येतीय."

मी भावाकडे बघितलं. वाटलं, तो म्हणेल, अहो ह्या मावशी नव्हेत, ही माझी आक्का, हिनंच केलंय हे. त्याने ड्रॉपर माझ्या हातातून घेतला आणि कॅमेऱ्याकडे बघून हसला. मी बाजूला झाले.

बातमीत शेवटी एक ओळ होती, या कामी घरच्यांचं सहकार्य लाभलं. भावाने कात्रण लॅमिनेट करून आणलं. आईने ते हातात धरून उलटंसुलटं बघितलं, कारण तिला वाचता येत नाही, आणि फोटोवरून बोट फिरवत म्हणाली, "लेकाचं नाव झालं." मी म्हटलं, छान आलाय फोटो. खरंच छान आला होता.

पेपरवाल्यांनी चूक केली असं मी मनाशी धरून बसले होते. ते आठ दिवसांनी तुटलं. मी डबा घेऊन दुकानात गेले तर भाऊ एका डॉक्टरांना सांगत होता, "साहेब, दोन खेपा मेल्या ना, तवा लय नाराज झालो. म्हटलं सोडायचं न्हाई. सहा महिने वाचलं. इंग्लिश आपलं तसंच, डिक्शनरी घेऊन बसलो. शेवटी तेलाचं सापडलं." माझेच शब्द होते. मी जेवताना सांगितलेले, त्याच क्रमाने. मला बघून तो अडखळलासुद्धा नाही. मला वाटतं, तोवर त्याला ते खरंच वाटायला लागलं होतं. लबाडी केली असती तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गच्चीवर आला तेव्हा मी आर्टेमिया गाळत होते. मी विचारलं, "ते तेलाचं तू कधी वाचलंस?"

तो हसला. "असं काय आक्का? तुझं आन् माझं येगळं हाय का?"

"मग एकदा तरी सांग की, आक्कानं केलं म्हणून."

"दुकान माझं हाय. नाव दुकानाचंच होणार. लोकांना काय सांगू, माझी भैन साताऱ्यासनं परत आली आन् गच्चीवर..." तो थांबला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "तू आलीस तवा मी एक शब्द विचारला का तुला? सांग. विचारला का?"

त्याने विचारला नव्हता. मोटरसायकलवर मागं बसून मी ज्याला मोठेपणा समजले होते, तो त्याने सात वर्षं जपून ठेवला होता. मी कापडातला आर्टेमिया वाटीत झटकला आणि वाटी त्याच्या हातात दिली. मासे उपाशी होते ना.

आई रात्रीच्या जेवणानंतर म्हणाली, "भावाच्या जिवावर ऱ्हायचं आन् त्येच्या फोटूत तोंड घालायचं. कशाला गं?"

महिनाभरात मला लॅबमधली नोकरी मिळाली. मिरजेत दवाखाने इतके, की हात चालणाऱ्या बाईला काम मिळतंच. स्टेशनच्या अलीकडे एक खोली घेतली. भावाने अडवलं नाही. फक्त म्हणाला, "जाण्याआधी हिला शिकव तेवढं."

भावजयीला मी दोन दिवस शिकवलं. पाणी किती दिवस उघडं ठेवायचं, मीठ किती, बल्ब कुठं, टरफलं कशी वेगळी करायची, कोंडा कसा चोळायचा. ती वहीत लिहून घेत होती, शाळेतल्या मुलीसारखी, ओळीखाली रेघ मारून. मी तिला तेल सोडून सगळं शिकवलं. विसरले, असं मी स्वतःशीही म्हणू शकत नाही. दुसऱ्या दिवशी तिने फ्रिजच्या दारातली तेलाची बाटली काढून विचारलं, "आक्का, आन् ह्ये कशाला?"

"ते माझ्या गुडघ्यांचं औषध. आण इकडं," मी म्हणाले, आणि बाटली पर्समध्ये टाकली. माझी वही तर आधीच सुटकेसमध्ये गेली होती.

दीड महिन्याने तिचा फोन आला. लॅबमध्ये गर्दी होती. "आक्का, पिल्ली मराय लागल्यात. चांगली खात्यात. पर दिवा लावला की उसळत्यात आन् पडत्यात. काय करू वं?"

मला ते दिसलं. गोल गोल फिरणं, तळाशी पडणं. मी म्हणाले, "पाणी बदलून बघ. मीठ कमी-जास्त झालं असेल."

ती हो म्हणाली. तिने रोज पाणी बदललं, ते मला नंतर कळलं.

दुसरा फोन पुढच्या खेपेला. या वेळी ती हळू बोलत होती, घरात कुणीतरी असावं. "ह्ये म्हंत्यात तेल घाल. घातलं. तर अंडीच चिकटून बसली बाटलीला, नुसती घाण झाली. ह्ये वरडायला लागले. आक्का, तेल कवा घालायचं असतंय?" मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग तीच म्हणाली, "त्या बाटलीत त्येच हुतं न्हवं? गुडघ्याचं म्हणला त्यात?"

तेव्हा सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. कात टाकल्यावर, म्हणजे फुटल्यापासून बारा तासांनी, चार थेंब. मी म्हणाले, "तुझ्या नवऱ्याला विचार. पेपरात त्यानंच दिलंय सगळं." आणि फोन ठेवला. त्या दिवशी मला बरं वाटलं होतं. जेवणसुद्धा चवीने गेलं.

मला वाटत होतं मी भावाला धडा शिकवतेय. पण गच्चीवर भाऊ नव्हताच कधी. बाटली लावणारी, पाणी ओढणारी, सकाळी दिव्याच्या बटणाला घाबरत हात लावणारी ती होती. पिल्लं मेली की त्याने तिला बोलायचं. दुकानात, गिऱ्हाइकांपुढे. आईच मला फोनवर सहज सांगत होती, "त्यो म्हंतो तिच्या हाताला येसच न्हाई. आक्का हुती तवा एक मरत नव्हतं." म्हणजे आता माझं नाव निघत होतं. बायकोला टोचायला निघत होतं.

मग त्याने उतावीळपणा केला. नराच्या तोंडात खेप होती. पिल्लं सुटून टाकीत मरण्यापेक्षा आपणच लवकर काढून वेगळी वाढवू म्हणून त्याने नराला जाळीत धरलं आणि काडीने त्याचं तोंड उघडलं. पिल्लं अर्धवट होती, पोटाला बलक चिकटलेला. ती गेलीच, आणि तीन आठवड्यांचा उपाशी नर दोन दिवसांनी गेला. मादीने खाणं सोडलं आणि तीही गेली, मग भावाने खाऱ्या पाण्याच्या टाक्याच बंद केल्या. हेही आईनेच सांगितलं, मधे भाजीचे भाव सांगता सांगता.

त्या रविवारी मी सांगलीला गेले. भाऊ दुकानात होता. मी सरळ गच्चीवर गेले. भावजय ड्रम आडवे करून रिकामे करत होती. खारं पाणी पन्हाळीकडे वाहत होतं आणि त्यात आर्टेमिया होता, मोठा झालेला, उताणा, पाय हालवत. तिने मागं वळून बघितलं आणि पुन्हा कामाला लागली. तिच्या हातांना माझ्यासारख्याच भेगा पडल्या होत्या, बोटांच्या बेचक्यांत लाल.

"तेलाचं मी तुला मुद्दाम सांगितलं नाही," मी म्हणाले. येताना बसमध्ये बरंच जुळवलं होतं, पण एवढंच निघालं.

"ठावं हाय."

"कधीपासनं?"

"तुमी फोन ठिवला तवापासनं." तिने ड्रमवर पाण्याचा तांब्या मारला. "सुरवातीला मला वाटलं इसरला असाल. मग गुडघ्याचं आठवलं. तुमी कवा गुडघं दुखत्यात म्हणला न्हाई सात वर्षात."

"त्याला सांगितलंस?"

"काय सांगू?" ती पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघत म्हणाली. "आक्कांनी मुद्दाम सांगितलं न्हाई, म्हणून? ते म्हणतील, तुझ्यासंगं पटंना म्हणून ती गेली, म्हणून तिनं सांगितलं न्हाई. परत माझ्याच माथी. तुमाला कोण काय म्हणतंय? तुमी मिरजंला."

मी म्हणाले, आता सांगते, कधी घालायचं ते लिहून देते. तिने मान हलवली. "आता कुणाला घालायचं? मासंच न्हाईत." मग ती खराट्याने पाणी लोटत राहिली. मी पदर खोचून दुसरा ड्रम धरला, तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तुमी साताऱ्यासनं उठून हितं आला. हितनं उठून तिकडं गेला. तुमाला जमतंय. मला ह्याच घरात ऱ्हायचं हाय, त्यांच्यासंगं." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी माफी मागू शकले असते.

मी माफी मागितली नाही. भावालाही जाऊन काही सांगितलं नाही. दुकानासमोरून जाताना त्याने हाक मारली, आत बसवलं, शेजारून चहा मागवला. भिंतीवर ते लॅमिनेट केलेलं कात्रण होतं. म्हणाला, "आक्का, तू होतीस तवर बरं होतं गं." मी सात वर्षं वाट बघितलेलं वाक्य होतं ते. मी चहा संपवला आणि मिरजेची बस धरली.

आता दुकानात गोल्डफिश, कासवाचं खाणं आणि कुत्र्यांचे पट्टे मिळतात. भाऊ बंगाईची गोष्ट अजून सांगतो, फक्त शेवटी म्हणतो, घरच्यांनी साथ दिली नाही. तेव्हा भावजय दुकानात असेल तर हिशेबाच्या वहीकडे बघत राहते. भाऊबीजेला मी जाते, ओवाळते, तो ताटात साडी ठेवतो. भावजय मला आता आक्का म्हणत नाही. जुन्या चालीने वन्सं म्हणते. "वन्सं, पान वाढलंय, या," एवढंच, आणि माझ्या पानात सगळं व्यवस्थित असतं, गोड जरा जास्तच.